हौद्यातलं ओझं

आडगाव नाक्याजवळ कोंडाजीच्या कारखान्यात ट्रकचे लाकडी हौदे बनत. २००१ च्या मार्गशीर्षात तिथं एक म्हातारा पिकअप ओढून आणला गेला. केबिन हिरवी, जागोजागी गंजलेली. हौद्याच्या फळ्या अशा कुजलेल्या, की बोट लावावं तर भुसा पडावा. गंगापूर रोडला हॉटेल काढणाऱ्या खंडेरावांना तो दारात शोभेला उभा करायचा होता. ज्या गाडीतून उतरताना माणसं कंबर धरून शिव्या घालायची, तिच्यापुढं आता लोक ऐटीत फोटो काढणार होते. हौदा सागाचाच पाहिजे, होता तसा, एवढं बजावून खंडेराव गेले.

काम हिरामणकडे आलं. पेठच्या पलीकडच्या पाड्यावरचा हा सुतार अबोल. त्याच्यापेक्षा त्याची हातोडी जास्त बोलते, असं कोंडाजी चिडवायचा. त्या दिवशी हिरामण गाडीला एक फेरी मारून जो उभा राहिला, तो हललाच नाही.

"काय रे, काय झालं?"

"ही आमच्या पाड्यावर यायची, शेठ. पुंजा हिच्यातच गेला."

पुंजा म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा. दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं पिंपळगावकडच्या द्राक्षबागांवर कामाला जात आणि त्यांना न्यायला हीच गाडी येई. ब्याण्णव साली पुंजा तिच्यात चढला. गाडी बागेवर पोचली तेव्हा तो हौद्यात नव्हता. दाटीवाटीत बसलेल्यांपैकी कुणालाही तो कधी दिसेनासा झाला ते सांगता येईना.

या गाड्यांची एक रीत असते. मागून हौद्यावर दोन थापा पडल्या की चल. एक थाप पडली की थांब, कुणाला तरी उतरायचंय. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता, की वाटेत एकही थाप पडली नाही आणि गाडी कुठं थांबली नाही. निघायच्या दोन थापा मात्र हिरामणनंच मारल्या होत्या, मागचा फाळका स्वतः लावून. आपण आपल्या हातानं पोराला पाठवलं, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही. पाडा सोडून तो नाशकात आला, पेठ रोडला खोली घेतली, बागा पालथ्या घातल्या, मनमाडचं स्टेशन धुंडाळलं. त्याच्या बायकोचं, भागीबाईचं, एकच म्हणणं होतं. "जिता आसंल नायतर मेला आसंल. पन त्याला घरी आना."

हिरामणनं कुजक्या फळ्या काढायला घेतल्या. लाकडाला ओल्या पेंढ्याचा आणि विझलेल्या विडीचा वास होता. शेवटची फळी निघाली, नुसता सांगाडा उरला, आणि त्याच्या लक्षात आलं की चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे अजून दबलेलेच आहेत. भरल्या गाडीचे दबतात तसे.

"म्हातारे झालेत," कोंडाजी म्हणाला आणि त्यानं नवे पाटे बसवले. जॅक काढल्याबरोबर गाडी पुन्हा तेवढीच खाली बसली. कोंडाजीनं वाकून पाहिलं, टायर पाहिले, शेवटी जमीन उतरती आहे का तेही पाहिलं. मग त्यानं तो विषयच सोडला. त्या दिवसापासून तो त्या गाडीला पाठ करून काम करू लागला.

हिरामण टेपावर आणि ओळंब्यावर भरवसा ठेवणारा माणूस. त्यानं सागावर रंधा मारला, खाचा पाडल्या, फळ्या एकीला एक भिडवल्या. त्यातली एक काही केल्या बसेना, म्हणून वैतागून तिच्यावर तळहाताची एक थाप मारली.

गाडी मागून थोडी वर आली.

तो हात तसाच धरून उभा राहिला. त्याच्या बाजूनं पेंढ्याचा वास गेला आणि फाटकाच्या दिशेनं विरून गेला.

पुढचं त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. थाप पडली नव्हती म्हणून आतले उतरलेच नव्हते. किती हंगामांची माणसं, कोण जाणे. फळ्या पुऱ्या झाल्या, फाळका चढला. संध्याकाळी कारखाना रिकामा झाल्यावर हिरामण हौद्यापाशी आला. भीती होतीच, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आशाही होती, आणि तिची त्याला जास्त भीती वाटत होती.

त्यानं एक थाप मारली. गाडी उचलली. कुठंतरी पैंजण वाजलं.

थोडं थांबून आणखी एक. कुणीतरी खोकललं.

तो थापा मारत गेला, गाडी हलकी होत गेली. शेवटी पाटे जवळजवळ पुरते वर आले. उरलं ते एका माणसाचं ओझं. तिथं त्याचा हात थांबला.

"पुंजा," तो म्हणाला, "हितं नको उतरू. घरी जाऊ."

आपली सायकल फाळक्याला लावून त्यानं थाप मारली. गाडी वर आली. सायकलचा मागचा टायर चपटा झाला.

पेठ रोडचा चढ त्याला जड गेला. तो वाटभर बोलत होता. आई थकलीय, पाड्यावरचं घर पडलं, आता शहरात राहतो.

भागीबाई दारात होती. तिनं सायकलकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"कोन हाय संगं?"

"पुंजा."

ती रडली नाही. दारातून बाजूला झाली.

हिरामणनं सायकलच्या सीटवर एक थाप मारली. टायर पुन्हा फुगला. आत बाजेचा सुंभ करकरला.

भागीबाई गोधडी घेऊन आली. पुंजाच्या मापानं शिवलेली, कधी कुणाला न दिलेली. तिनं ती बाजेवरच्या खळग्यावर पांघरली आणि सारखी केली.

खळगा गोधडीच्या बाहेर बराच पुढं गेला होता, पार पायगतीपर्यंत.

पुंजा बापाच्या खांद्याला लागायचा. हा कुणीतरी खूप उंच माणूस होता.

हिरामणनं बाजेच्या खुरावर एक थाप मारली. मग आणखी एक. सुंभ तसाच ताणलेला राहिला.

"राहू द्या," भागीबाई हळूच म्हणाली.

ती कोपऱ्यात गेली, दुसरी गोधडी घेऊन आली आणि तिनं त्याचे उघडे पाय झाकले.