सरस लावलेली खुर्ची

कोपऱ्यावरचा बेकरीवाला खुर्च्यांच्या दुकानात पहिल्यांदा शिरला तो डोक्यावर खुर्ची आणि काखेत तिचा निखळलेला पाय घेऊन. वळताना त्या पायाचा धक्का लागला आणि खुर्च्या जोडत बसलेल्या दुकानवालीच्या भांड्यातला कोमट सरस दोघांच्या बोटांवर सांडला. पुसायला गेले, तर बोटं बोटांना चिकटलेली.

"हे काय विरघळवून ठेवलंय?"

"सरस. सुतारांचा जुना डिंक. आणि विरघळवलेला नाही, वितळवलेला. साखर पाण्यात विरघळते, दिसेनाशी होते. हा ऊब लागली की पातळ होतो, ऊब गेली की पुन्हा ताठ."

"तुमच्यासारखा..."

"खुर्ची मंगळवारी न्या," ती म्हणाली. पण बोटं सोडवायला तिनंही घाई केली नाही.

तिनं जोडलेली खुर्ची नातवंडांना पुरायची. बेकरीवाल्याची मात्र पंधरवड्यात परत आली. मग पुन्हा. दाराशी वेत विणत बसलेली तिची आई कशाला गप्प बसते?

"तुझ्या हाताला झालंय काय गं? उद्या गिऱ्हाईक फिरकायचं नाही. तो नवा डिंक वापर. आगीलासुद्धा दाद देत नाही."

ते तिला झोंबलं. चौथ्यांदा खुर्ची आली तेव्हा तिनं सांधा उजेडात धरला. सरस तुटला की त्याचा भुगा होतो. इथं तर पायावरून ओघळून वाळला होता.

"किटलीची वाफ किती वेळ देता?" तिनं मान वर न करता विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "अर्धा तास... फार घट्ट जोडता हो तुम्ही."

"माझ्या कामाला बोल लागला, कळतं का?"

"चुकलंच. पण काही मोडल्याशिवाय इथं यायचं कसं — ते सुचेना."

तिनं फळीवरून नवा डबा काढला. "हा वितळत नाही. आता खुर्ची परत यायची नाही."

त्याचा चेहरा पार उतरला. ती सांध्यावर ब्रश फिरवत राहिली.

"यायचं असेल... तर खुर्चीशिवाय यायचं."

दुसऱ्या दिवशी तो आला. रिकामे हात कुठे ठेवावेत, त्याला कळेना.

"आज काय मोडलंस?" आईनं विचारलं.

"काही नाही, मावशी."

"मग बस तुझ्याच खुर्चीत. खोट माझ्या पोरीच्या हातात होती की तुझ्या डोक्यात, बघू या."

तो बसला. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही.