तीन मायक्रोसेकंदांचा उशीर

आमच्या प्रयोगशाळेत उशिरा येण्याची मुभा माणसांना आहे, ताऱ्यांना नाही. पल्सार म्हणजे मेलेला तारा. तो स्वतःभोवती फिरत राहतो आणि दर फेरीला रेडिओचा एक ठोका पाठवतो, इतका नेमका की त्यावरून आम्ही घड्याळांच्या चुका काढतो. यादीतला सर्वांत सज्जन पल्सार दादाचा. माझ्या या थोरल्या भावाने तो बावीस वर्षं मोजला आणि मार्चमध्ये, रजेचा अर्ज न देता, गेला.

त्यानंतर वहिनी दर मंगळवारी दुपारी यायच्या, दादाच्या खुर्चीत बसायच्या. आम्ही नजर चुकवून काम करायचो. तिसऱ्या मंगळवारी लक्षात आलं, की त्या बसल्या की दादाच्या पल्सारचे ठोके तीन मायक्रोसेकंद उशिरा येतात. उठल्या की वेळेवर.

दादाची शिस्त अशी, की आधी आपलं घड्याळ तपासायचं, मग केबल, मग पृथ्वी. ताऱ्यावर आळ सगळ्यात शेवटी. मी सगळं तपासलं. केबलही बदलली. बाकीचे तारे बिनचूक होते. हे ठोके तिकडून निघाले त्याला तीन हजार वर्षं झालेली. वहिनी अमुक मंगळवारी बसणार, हे तेव्हाच कुणाला तरी ठाऊक असावं. अहवालात असलं काही लिहिता येत नाही.

साहेब म्हणाले, अजून एकदा असं झालं तर हा पल्सार यादीतून काढू. म्हणजे दादाची बावीस वर्षं रद्दीत. शेवटी मीच वहिनींना येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पर्स उचलली आणि खुर्ची नीट आत सरकवली.

पुढच्या मंगळवारी खुर्ची रिकामी होती.

दोन वाजता ठोके उशिरा यायला लागले. तीन नाही, तीनशे मायक्रोसेकंद.

काय विचारायचं ते न ठरवताच मी वहिनींना फोन लावला.

"मीच थांबवून घेतलं ह्यांना, भाऊजी," त्या म्हणाल्या. "इथं घरी बसले होते निवांत. आत्ताच निघालेत. साहेब काही बोलले तर जरा सांभाळून घ्या."

मी फोन ठेवला. घड्याळात वेळ बघितली.

मधेच साहेब येऊन दारात उभे राहिले, पडद्याकडे बघत.

बत्तीस मिनिटांनी ठोके वेळेवर आले.

दादा घरून चालत यायचा. बत्तीस मिनिटंच लागायची.

मी दाराकडे पाहिलं. साहेब कुणाला तरी वाट द्यावी तसे बाजूला झाले होते.