डाळिंबाच्या सालीची शाई

जिन्याच्या वळणावर ती धाडकन कुणावर तरी आदळली, आणि हातातल्या बाटलीतली सगळी शाई त्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर!

"अगं बाई... सॉरी, सॉरी!"

त्यानं चक्क शर्ट नाकाशी नेला. "डाळिंबाची साल?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"खाली लॉन्ड्री आहे माझी. लोकांचे डाग हुंगण्यातच जन्म चाललाय." आणि तो असा काही हसला, की पुढची माफी तिच्या ओठांवरच राहिली.

ती वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला होती. रोज एक तरी चित्र काढायचंच, असा तिचा नेम. कुणाचा सुजलेला गाल, कुणाचं भीतीनं हलणारं पाऊल... वही भराभर भरायची. विकतच्या रंगांनी मात्र तिचं समाधान होईना. बीट उकळून झालं, कॉफी आटवून झाली. "हे स्वयंपाकघर आहे की रंगाचा कारखाना?" आई करवादायची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॉन्ड्रीवाल्यानं हाक मारली, "ओ शाईबाई! गंमत बघायचीय?"

काउंटरवर एक वाटी. व्हिनेगरमध्ये गंजके हँगर भिजवून काढलेलं पिवळट पाणी.

"टाका तुमच्या शाईत थेंबभर."

तिनं टाकलं, ब्रश बुडवला, कागदावर एक रेघ ओढली. तपकिरी रेघ बघता बघता करडी झाली, मग गडद... मग काजळासारखी काळीभोर!

"अय्या!" ती उडालीच. तो वाकून बघत होता; दोघांची डोकी टणकन आपटली. दुखलं कुणालाच नाही.

मग सुट्टी तिथेच जाऊ लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. आईला मात्र कळलं. "आपल्या घरात धुवायला एवढे कपडे आहेत तरी का गं?"

एका शनिवारी तो इस्त्री करत होता आणि ती त्याचं चित्र काढायला बसली. रेघ वाकडीतिकडी पळत सुटली.

"शाई घट्ट झालीय का?" त्यानं विचारलं.

"शाई छान आहे."

"मग ब्रश?"

"ब्रशही." तिनं तो खाली ठेवला. "सोमवारपासून दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जातोय."

त्याचा हात जागीच थांबला. "मग... शाईसाठी तरी येशील ना?"

"नाही. शाई आता माझी मलाच जमते."

"हो... तेही खरंच."

त्याचा चेहरा इतका उतरला, की तिला राहवेना. "शाईसाठी नाही रे वेड्या — तुझ्यासाठी येईन! चालेल?"

काउंटरला वळसा घालून तो कधी आला, तिचा हात कधी हातात घेतला...

"चालेल काय विचारतेस! अगं, मीच विचारणार होतो, पण धीरच —"

"इस्त्री!" ती किंचाळली. टेबलावरून धूर निघत होता. तिनं काउंटरवरून वाकून मोकळ्या हातानं झटकन इस्त्री उचलून उभी केली.

दुसरा हात त्यानं सोडला नाही. तिनंही मागितला नाही.