मेलबर्न ते पिंपळगाव राजा

खामगावहून आणलेली बर्फाची लादी पाझरून ओसरीभर पाणी झालं होतं, आणि ते पुसायलाही योगिनीच होती. तिचे वडील नारायणराव मध्यरात्रीच गेले. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बापाचं हागणं-मुतणं तिनं काढलं. थ्रेशरमध्ये करंगळी गेलेला त्यांचा डावा पाय रोज कोमट पाण्यानं धुतला. आणि आज तिरडीपुढे आगीचं मडकं धरायचा मान कोणाचा, तर मेलबर्नहून उडत येणाऱ्या भावाचा.

"शेखर आल्याबिगर उचलाचं नाही," काका पंजाबराव म्हणाले.

"मेलबर्न ते मुंबई दहा हजार किलोमीटर हाय, काका. बारा-तेरा तास विमानात, मंग रातभर गाडी. उद्या उजाडते त्याले. तोवर बाबांले असंच ठेवता? मडकं मी धरते."

"पोरीच्या हातानं आग? काऊन, पोरगा नाही काय त्याले?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाचंही आयुष्यभर हेच. खताची गोणी असो की बँकेचं पासबुक, पुढे होऊन तिच्या हातातलं काढून घ्यायचे. "दे इकडं." बस, एवढंच बोलायचे. ती वाकली आणि त्यांच्या थंडगार कानात म्हणाली, "मंग तुमची आग तुम्हीच द्या."

दुपार कलली. मोबाइलवर शेखरचं विमान श्रीलंकेच्या खाली, पाण्यावर दिसत होतं. तिनं मान वर केली, तर शेखर फाटकातून आत येत होता. अनवाणी. हातात बॅग नाही.

बायकांनी गळा काढला. पंजाबरावांनी पुतण्याला मिठी मारली आणि चटकन हात मागे घेऊन उपरण्याला पुसले.

"तू कसा आला रे?" योगिनीनं विचारलं. "विमान तं अजून समुद्रावर हाय."

"पोरगं दारात उभं हाय अन् तू मोबाइल पाहून राह्यली?" काका खेकसले.

शेखर सरळ न्हाणीकडे गेला. त्यानं अंगावर दोन बादल्या ओतल्या आणि ओलेत्यानंच चिखल तुडवत तिच्यापुढे आला. मडकं तिनं धरून ठेवलं होतं. ती सोडणार नव्हती.

"दे इकडं," तो म्हणाला.

तिचे हात आपोआप सैल झाले. स्वतःच्याच हातांचा तिला संताप आला.

तिरडी गेली. मागे राहिलेल्या बायकांनी घर धुवायला काढलं. योगिनी खराटा घेऊन अंगणात आली. दिवस मावळत होता, ओढ्यापलीकडे धूर चढत होता.

फोन वाजला.

"ताई, आत्ता उतरलो मुंबईले. काकाले सांग, मी येतो तोवर उचलू नका."

त्याच्यामागे विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती.

तिनं फोन ठेवला. न्हाणीपासून ओसरीपर्यंत चिखलात पावलं उमटली होती.

उजव्या पावलाला पाच बोटं.

डाव्याला चार.