ढगाच्या पोटातली हवा

वादळी ढगाच्या पोटात शिरणारी हवा गाळून तिच्यातले कण घरी आणायचे, एवढ्यासाठी आम्ही तिघं तो डोंगर चढलो. तेव्हा आमचे गुडघे आमचं ऐकत असत.

कल्पना ताईची. तिचं आयुष्य ढगांकडे बघण्यात गेलं होतं आणि सरकार तिला त्याचा पगार देत होतं. ढगातल्या प्रत्येक थेंबाला बसायला एक कण लागतो, असं ती सांगे. खाली वणवा पेटला की धुराबरोबर असे कण वर जातात. मग पाणी फार जणांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात, पाऊस लांबतो आणि न बरसलेला ढग उंच चढून भलताच माजतो. हे सिद्ध करायला तिला गाळणीचा एक कागद हवा होता. वादळांचा हंगाम सरत आला होता आणि त्यानंतर ताई निवृत्त होणार होती.

मी धाकटा भाऊ म्हणून गेलो. भाऊजी नवरा म्हणून आले, म्हणजे बॅटरी त्यांच्या पाठीवर. नियम एकच: स्टोव्ह पेटवायचा नाही. आपलाच धूर कागदावर बसला तर सगळी मेहनत पाण्यात. त्यामुळे आम्ही गार, कोरडं खात होतो. संसारात पहिल्यांदाच जेवणात मीठ बेताचं आहे, असं भाऊजी म्हणाले. स्वयंपाक त्या दिवशी बिस्किटांचा होता.

कड्याखालच्या कपारीसमोर ताईने पंप खडकाला आवळून बांधला. भाऊजींनी बॅटरी जोडली. पंप घुरघुरला आणि ढग माथ्यावर आला.

गारा कोसळल्या. भाऊजींचा पाय सुटला. आम्हा तिघांना जोडणारा दोर ताणला! मी खडकाला मिठी मारली. ताईने दोर कमरेला गुंडाळला आणि मागे रेलली. भाऊजी खालच्या बर्फगार डोहात गळ्यापर्यंत बुडाले होते. ओढलं. पुन्हा ओढलं!

कपारीत आणलं तेव्हा ते कुडकुडत होते. मग अंग इतकं गारठलं की कुडकुडणंही थांबलं, आणि ताईचा चेहरा उतरला. बाहेर विजा कडाडत होत्या; पंपापर्यंत जाऊन तो बंद करणं शक्य नव्हतं. वारा कपारीतून थेट त्याच्याकडेच वाहत होता.

"अगं, राहू दे," भाऊजी पुटपुटले. "कागद होऊ दे तुझा."

"गप बसा हो," म्हणत ताईने स्टोव्ह पेटवला. आमंत्रण असल्यासारखा धूर सरळ पंपाकडे निघाला.

वादळ ओसरल्यावर तिने कागद आत आणला. काजळीने काळाकुट्ट. तिने तो बाजूला ठेवला आणि कपात गरम पाणी ओतलं.

तोवर भाऊजींच्या ओठांना रंग आला होता. "लागलं का काही हाताला?"

"लागलं की," कप त्यांच्या तोंडाशी धरत ताई म्हणाली. "ओढायला फार जड होतं."