तिसऱ्या तासाची भिंगरी

"चार वाजता तिचे वडील दाखला न्यायला येतील," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "सातवीतल्या पोरीला चोर ठरवून घरी पाठवायचं, तर आधी माझी खात्री पटायला हवी."

वहिनींनी घड्याळ पाहिलं. पावणेतीन. खासगी तपासनीस म्हणून त्यांचा दबदबा होता. त्यांचा धाकटा दीर वही घेऊन सोबत असायचा. भाऊजी टिपणं झकास घ्यायचे, अर्थ मात्र त्यांना सहसा दुसऱ्या दिवशी लागायचा.

दहावीला गणित शिकवणाऱ्या बाई फणकाऱ्यातच आत आल्या.

"काल तिसऱ्या तासाला मी फळ्यावर कोडं घातलं. दहा पायऱ्यांचा जिना. एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढायच्या. तर किती वेगवेगळ्या रीतींनी वर जाता येईल? वर्गात एकालाही सुटलं नाही. मधल्या सुट्टीनंतर बघते, तर फळ्यावर उत्तर लिहिलेलं आणि माझ्या कपाटाचं कुलूप उघडं."

"कुलूप तुम्ही लावलं होतं?"

"घाईत नीट दाबलं नसेल. पण चोरी तरी धड करावी? कपाटातल्या माझ्या वहीत अठ्ठ्याऐंशी आहे, हिने एकोणनव्वद लिहिलं. उतरवतानाही चुकली!"

वहिनींनी बाईंची वही मागितली. दोन पायऱ्यांची एक उडी घेतली तर नऊ रीती, दोन उड्या घेतल्या तर अठ्ठावीस, तीनला पस्तीस, चारला पंधरा, पाचला एक. भाऊजींनी बोटांवर बेरीज केली आणि खूश होऊन म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी. बरोबर!"

वहिनी मात्र वही पुन्हा वरपासून वाचू लागल्या.

शिपाईमामांनी मोबाइल पुढे केला. "सातवीतली ती भिंगरी दहावीच्या वर्गातून बाहेर येताना मीच पाहिली. हात खडूनं पांढरे. पुसायच्या आधी फळ्याचा फोटो काढून ठेवला."

फळ्याच्या खालच्या भागात एकच ओळ होती: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९. कुठे खाडाखोड नाही.

"पोरगी काय म्हणाली?"

"एवढंच, की मी लिहिलं. बाकी तोंडाला कुलूप," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

सातवीचे वर्गशिक्षक तर वैतागूनच गेले होते. "भिंगरी हे नाव मीच ठेवलंय. गणित घातलं की मिनिटात सोडवते आणि मग कंपासपेटी आपटते, दप्तर पाडते, बाकावर ठेका धरते. इतरांचं होईपर्यंत थांबेल तर शपथ! मग काढतो बाहेर."

"रोज?"

"नाही हो. सोमवार, बुधवार, गुरुवार. तिसऱ्या तासालाच अंगात येतं."

"बाहेर काढलं की रडते?"

"छे! सांगायच्या आत निघते. दाराशी उभी राहा म्हटलं, तरी पार जिन्यापर्यंत जाऊन उभी राहते."

वहिनी उठून भिंतीवरच्या वेळापत्रकासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग जिन्यापर्यंत जाऊन आल्या.

चार वाजले. भिंगरीचे वडील कारखान्याच्या कपड्यांतच आले होते. ते खुर्चीवर बसले नाहीत. मुलगी त्यांच्या मागे, नजर जमिनीवर.

"बाई," वहिनी म्हणाल्या, "जिना एकेक पायरी करत, एकही उडी न घेता चढला तर?"

"ती एक रीत..." बाई थबकल्या. त्यांनी वही ओढली. एक उडी, दोन उड्या, तीन, चार, पाच. एकही उडी नसलेली ओळ तिथे नव्हतीच. सगळ्यांत साधी वाटच मोजायची राहिली होती.

"म्हणजे एकोणनव्वद?" भाऊजी पुटपुटले.

"एकोणनव्वद. चुकलेल्या वहीतून बरोबर उत्तर उतरवता येत नाही, भाऊजी. शिवाय तिची ओळ वहीत कुठे आहे? तुमचं उत्तर चुकलं असेल, हे बाई, तुमच्या मनातही आलं नाही. आता वेळापत्रक बघा. सोमवार, बुधवार, गुरुवार, तिसरा तास: दहावीचं गणित. दहावीचा वर्ग जिन्यालगत आहे आणि त्याची खिडकी उघडी असते. सर, तुम्ही शिक्षा देत होतात आणि ही शिकायला जात होती."

"मग बोलली का नाही?" सरांचा आवाज उतरला होता.

"बोलली असती तर तुम्ही तिला बाहेर काढणं बंद केलं असतं."

बाई मुलीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "ती ओळ कशी सुचली गं?"

"शेवटच्या पायरीवर आपण नवव्या नाहीतर आठव्या पायरीवरून येतो," भिंगरी हळू म्हणाली. "म्हणून त्या दोघींच्या रीतींची बेरीज. तसंच खालपासून करत आणलं."

"अकरा पायऱ्या असत्या तर?"

"एकशे चव्वेचाळीस."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं त्या हे कोडं घालत होत्या आणि इतकं सुंदर उत्तर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. भाऊजी लिहायचं विसरले.

"म्हणजे ही चोर नाही?" वडिलांनी विचारलं.

मुख्याध्यापिकांनी दाखला फाडला. "सोमवारपासून तिसऱ्या तासाला ही दहावीत बसेल."

सर मुलीजवळ गेले. ते म्हणाले, "चुकलो मी, बाळ."

भिंगरीने पहिल्यांदा वर पाहिलं. तिला अजून खात्री वाटत नव्हती.

"मग सर, सोमवारी मी काय पाडू?"

"काही पाडू नकोस," बाईच म्हणाल्या. "सरळ आत ये."