चारचा फोन

दहा दिवस झाले की पेशंटच्या घरून ऑक्सिमीटर परत आणायचा, एवढंच काम होतं. दुसऱ्या लाटेत गंगापूर रोडवरच्या आमच्या क्लिनिककडे ती यंत्रं वीसच होती आणि मागणारे दोनशे. घरीच विलगीकरणात असलेल्या प्रत्येकाला आम्ही नर्सनी रोज चार वाजता फोन करायचा, बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा विचारायचा आणि तक्त्यात लिहायचा.

जैतुनबींच्या नावापुढे आठवडाभर रोज सत्त्याण्णव. सत्तरीच्या आजारी बाईचा आकडा असा ठाण मांडून बसत नसतो. सोमवारपासून तक्ता हर्षालीकडे होता. पोरगी नवी, आणि फोन न करता आकडे कसे भरतात ते मला माहीत होतं. चोराची पावलं चोरालाच ठाऊक.

मी भरदुपारी जुन्या नाशकात गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुठल्याशा खिडकीतून ओवा-कापराचा वास येत होता. जैतुनबींच्या दाराला कुलूप. शेजारच्या नजीरभाईंनी यंत्र आणून दिलं.

"जैतुनबी तर रविवारीच गेली, सिस्टर. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं," ते म्हणाले. "दुपारी दम लागला. मी रिक्षा आणली, तर बोलली, चारला सिस्टरचा फोन येईल, तिला विचारते, मग जाऊ. सहा वाजेपर्यंत मोबाईल हातात धरून बसली... मग रिक्षातच..."

तो मोबाईल त्यांनी बंद करून तिच्या मुलासाठी कपाटात ठेवला होता. मुलाला अजून येवल्याहून येता आलं नव्हतं.

परत येऊन मी हर्षालीला फैलावर घेतलं. मेलेल्या बाईचे आकडे लिहितेस, डॉक्टरांना सांगून आजच घरी बसवते, म्हणाले. ती रडकुंडीला आली. चार वाजत होते. तिनं मुकाट्यानं नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

बराच वेळ नुसता श्वास. ओढून घेतलेला...

"सत्त्याण्णव," जैतुनबी म्हणाल्या.

"ताई, रोज हेच," हर्षाली हळूच म्हणाली. "आणि मग विचारतात, रविवारच्या सिस्टर आहेत का..."

रविवारी पाळी माझी होती. बेचाळीस फोन, सकाळपासून अंगात तो पीपीई किट, घशाला कोरड. शेवटच्या पाच जणांना मी फोन केलाच नाही, आदल्या दिवशीचे आकडे बघून उतरवले. त्या दिवशीचं सत्त्याण्णव माझ्या हातचं होतं.

"सिस्टर," फोनमधून आवाज आला, "तुम्ही लिहिलं तेवढंच आहे. मग... आता जाऊ का?"

हर्षालीनं फोन कापला. तिची तक्रार मी केली नाही, आणि स्वतःचीही नाही. त्याची लाज अजून वाटते.

तो तक्ता बंद होऊन काही वर्षं झाली. चार वाजायच्या आत मी मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकते. सहानंतर सुरू केला की चारचा एक कॉल दिसतो. सुटलेला नाही, उचललेला. दोन तासांचा.